त्या बारा दिवसांचं काय, राजेहो?

परवा सकाळी बसस्टँडसमोरच्या टपरीवर चहा घेत होतो. आमचा एक जुना दोस्त, नाव सांगत नाही, मोबाइल पुढं करून म्हणाला, "हे पाह्य भाऊ, काय जमाना आला. गोळी नाही, कॉपर-टी नाही, काही लफडं नाही. बाईनं पाळीची तारीख टाकायची, मोबाइलच सांगते कोणता दिवस हिरवा अन् कोणता लाल. एकदम नॅचरल!"

मी विचारलं, "लाल दिवस असला की तू काय करतो?"

तो हसला. बाकीचे तिघं-चौघंही हसले. कोणी तरी म्हणालं, "आता इतका विचार कोण करते बा." चहा संपला, विषय संपला.

माझ्या डोक्यातून मात्र गेला नाही. म्हणून ही लांबलचक पोस्ट. ज्यांना वेळ नाही त्यांनी पुढं जावं, पण लग्न झालेल्या पुरुषांनी थांबावं अशी विनंती.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. पत्रकारितेचा डिप्लोमा घेतला आणि गेली वीसेक वर्षं आपल्या वर्धा जिल्ह्यात तालुक्याच्या बातम्या करतोय. सोयाबीनचा भाव, पाणीटंचाई, दवाखान्यातली रिकामी पदं. पाळी आणि कुटुंबनियोजन हा पुरुषानं लिहायचा विषय नाही असं आपल्याकडे समजतात. मला वाटतं पुरुषानंच लिहायला पाहिजे, कारण सगळा घोळ आपल्या बाजूचा आहे.

पहिली गोष्ट. दिवस मोजून गर्भ टाळायची पद्धत हे थोतांड नाही. तिच्यामागं पक्कं शास्त्र आहे. बाईच्या अंडाशयातून साधारण महिन्यातून एकदा स्त्रीबीज बाहेर पडतं. ते जगतं 12 ते 24 तास. पुरुषाचे शुक्राणू मात्र तिच्या शरीरात 5 दिवसांपर्यंत तग धरू शकतात. म्हणजे महिन्यातले जेमतेम 6 दिवस असे, की त्या दिवसांतल्या संबंधातून गर्भ राहू शकतो. आता अडचण कुठं आहे? स्त्रीबीज साधारणपणे पुढची पाळी येण्याच्या 14 दिवस आधी बाहेर पडतं. पण पुढची पाळी नेमकी कधी येणार, हे आज कोण सांगणार? म्हणून मागचे-पुढचे दिवस धरून पट्टा रुंद करावा लागतो.

ज्यांची पाळी दरवेळी 26 ते 32 दिवसांच्या आत येते, त्यांच्यासाठी अमेरिकेतल्या जॉर्जटाउन विद्यापीठातल्या संशोधकांनी सोपा नियम बसवला. पाळीचा पहिला दिवस म्हणजे 1. तिथून मोजत आठव्या दिवसापासून एकोणिसाव्या दिवसापर्यंत जपायचं. समजा पाळी 1 तारखेला आली, तर 8 ते 19 तारीख. एकूण 12 दिवस. लक्षात राहावं म्हणून 32 मण्यांची माळही निघाली, आपल्याकडे तिला 'माला चक्र' म्हणतात. रोज रबराची कडी एक मणी पुढं सरकवायची. पांढरे मणी आले की जपायचं. तुमच्या मोबाइलमधला हिरवा-लाल म्हणजे साधारण हाच हिशोब, फक्त रंगवून दाखवलेला.

आता आकडे. हा नियम तंतोतंत पाळणाऱ्या 100 बायकांपैकी वर्षभरात 5 जणींना दिवस जातात. आणि प्रत्यक्षात माणसं जशी वागतात तशी वागली, तर 12 जणींना. तारीख मोजणं, ताप मोजणं, स्राव पाहणं अशा सगळ्या नैसर्गिक पद्धती एकत्र धरल्या, तर प्रत्यक्ष वापरातला हा आकडा 2 पासून 23 पर्यंत जातो. ताडून पाहायचं असेल तर प्रत्यक्ष वापरात निरोधचा आकडा 13 च्या आसपास, रोजच्या गोळीचा 7, आणि कॉपर-टीचा एकाहूनही कमी.

म्हणजे नीट पाळली तर ही पद्धत टाकाऊ नाही. पण 5 चे 12 का होतात, हा खरा प्रश्न आहे. मणी तेच, गणित तेच. मग जास्तीच्या त्या सात जणी कुठून आल्या?

त्याचं उत्तर मला माझ्याच घरात मिळालं. बायकोला विचारून लिहितोय. "लिहा, पण रडगाणं नका लिहू" म्हणाली, म्हणून थोडक्यात.

2011 सालची गोष्ट. आम्हाला दोन मुलं, धाकटी दीड वर्षाची. कॉपर-टी बसवली होती, पण हिला रक्तस्राव फार व्हायचा, पोट दुखायचं. दवाखान्यात सांगितलं तर "होईल सवय" एवढंच उत्तर. शेवटी काढून टाकली. ऑपरेशनला ही घाबरत होती. मग हिनं कुठून तरी वाचून दिवस मोजायला सुरुवात केली. आमच्या स्वयंपाकघरात भिंतीवर कालनिर्णय असायचं. त्यावर दुधाचा हिशोब, गॅस लागल्याची तारीख, आणि काही तारखांखाली पेन्सिलीचं बारीक टिंब. ते कॅलेंडर मी रोज पाहायचो. टिंबं मला दुधाच्या खाड्याची वाटायची.

एका महिन्यात चुकलं. टिंब चुकलं नव्हतं. टिंबाच्या दिवशी ही "आज नको" म्हणाली होती आणि मी ऐकलं नव्हतं. जबरदस्ती केली नाही असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. रुसलो होतो, पाठ फिरवून झोपलो होतो, दोन दिवस धड बोललो नव्हतो. तिसऱ्या दिवशी तिनं "नको" म्हणणं सोडलं. याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा.

पुढं गर्भ पाडायला गेलो. कुठं ते महत्त्वाचं नाही. तिथं कागद माझ्यापुढं सरकवला, नवऱ्याची सही पाहिजे म्हणे. मी केली. नंतर बातमीच्या निमित्तानं कायदा वाचला तेव्हा कळलं, 1971 च्या गर्भपात कायद्यात सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची सही लागत नाही. तेव्हाही लागत नव्हती, आताही लागत नाही. पण बघा कसं आहे. बारा दिवस जपायचे होते तेव्हा माझी गरज कोणाला वाटली नाही, मलाही नाही. सही करायला मात्र मालक हजर.

ते जास्तीचे सात आकडे इथून येतात, राजेहो. सगळे नाही, पण बरेचसे.

या पद्धतीत बाईला करायचं आहे ते मोजण्याचं काम. पुरुषाला करायचं आहे ते थांबण्याचं. गोळी बाई एकटी घेऊ शकते. कॉपर-टी ती बसवून घेऊ शकते. पण "आज नको" हे एकटीनं होत नाही, समोरच्यानं ऐकावं लागतं. ज्या घरात बाईला "आज भाजी नाही" म्हणायची चोरी आहे, तिथं "आज नको, उद्याही नको, अजून दहा दिवस नको" हे ती कशी म्हणणार? आणि जो पुरुष निरोध वापरत नाही, नसबंदीचं नाव काढलं की भडकतो, तोच टपरीवर "नॅचरल बेस्ट आहे" म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ एवढाच असतो की मला काही करावं लागू नये.

गंमत म्हणजे आपल्या घरांमध्ये पाळीची तारीख कधीच लपलेली नव्हती. बाई बाहेर बसायची, कावळा शिवला म्हणायचे, सासऱ्यापासून शेजारच्या पोरापर्यंत सगळ्यांना माहीत. आजही महालक्ष्म्या आल्या, सत्यनारायण ठरला, की सासू आधी सुनेची तारीख विचारते. जुळत नसेल तर मेडिकलमधून पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या येतात. अन् त्या आणायला नवराच जातो बरं का, तेव्हा त्याला लाज वाटत नाही. ज्या महिन्यात अशा गोळ्या घेतल्या, त्या महिन्याचं दिवसांचं गणित गेलं हे मात्र त्याला कोणी सांगत नाही. देवासाठी तारीख चालते, विटाळासाठी चालते. बाईच्या जिवासाठी तीच तारीख वापरायची म्हटलं की "असल्या गोष्टी चारचौघांत बोलतात का?"

आणि दिवस मोजायची परंपरा नव्हती असंही नाही. मनुस्मृतीत ऋतुकालाच्या 16 रात्री मोजून दिल्या आहेत, सम रात्री मुलगा आणि विषम रात्री मुलगी असा हिशोबही दिला आहे. कीर्तनातलं असंच सम-विषम तारखेचं विधान 2020 मध्ये गाजलं, कोर्टापर्यंत गेलं. शास्त्र सांगतं, मुलगा की मुलगी हे पुरुषाच्या शुक्राणूवर ठरतं, तारखेवर नाही. म्हणजे आपण मोजलं, पण पोरगा पाहिजे म्हणून मोजलं. बाईला उसंत मिळावी म्हणून कोणी मोजलं नाही.

हा वाद आजचा नाही, आणि त्याचा एक धागा आपल्या वर्ध्यातूनच जातो. 1935 च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या संततिनियमनाच्या पुढारी मार्गारेट सँगर गांधीजींना भेटायला वर्ध्याला आल्या होत्या. सेवाग्राम तेव्हा व्हायचं होतं, बापूंचा मुक्काम मगनवाडीत असे. बापूंना कृत्रिम साधनं अजिबात मान्य नव्हती. पण सुरक्षित दिवसांची पद्धत त्यांना तितकी नकोशी वाटली नाही, कारण तिच्यात निदान काही दिवस संयम आहे. बापूंचं साधनांबद्दलचं मत मला पटत नाही. पण एक गोष्ट त्यांनी बरोबर हेरली होती: ही पद्धत चालते ती संयमावर. आज आपण त्यातला संयम गाळला आणि फक्त "नैसर्गिक" ठेवलं.

स्वातंत्र्यानंतर पहिल्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांनीही हीच पद्धत धरली. जागतिक आरोग्य संघटनेकडून डॉ. अब्राहम स्टोन आले. दिल्लीची लोदी कॉलनी आणि तेव्हाच्या म्हैसूर राज्यातलं रामनगरम इथं प्रयोग झाले, बायकांना रंगीत मण्यांच्या माळा दिल्या. सगळा भर बायकांना मोजायला शिकवण्यावर. फार थोड्या जोडप्यांनी ती टिकवली. त्यानंतर सत्तर वर्षं गेली, माळ गेली आणि मोबाइल आला, शिकवणी अजून बाईचीच चालू आहे.

याच्याही आधी, 1921 मध्ये, रघुनाथ धोंडो कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं होतं. 1927 पासून 1953 मध्ये जाईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवलं. नोकरी गेली, अश्लीलतेचे खटले झाले, त्यातला एक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कोर्टात लढवला. 1938 मध्ये बाबासाहेबांच्या पक्षातर्फे मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आला, तो फेटाळला गेला. कर्व्यांचं म्हणणं साधं होतं. बाईला मूल कधी पाहिजे आणि पाहिजे की नाही हे ठरवायचं साधन तिच्या स्वतःच्या हातात असावं, नवऱ्याच्या मर्जीवर नको. शंभर वर्षं झाली. आपण त्यांच्या जयंतीला पोस्ट टाकतो आणि घरी जाऊन मर्जी चालवतो.

पटत नसेल तर सरकारी आकडे बघा. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, देशातल्या 15 ते 49 वयाच्या विवाहित बायकांपैकी 37.9 टक्के जणींची स्वतःची शस्त्रक्रिया झालेली. आणि ज्यांच्या नवऱ्याची नसबंदी झालेली, त्या? 0.3 टक्के. हजारात 379 बायका आणि 3 पुरुष. खरं तर पुरुषाची शस्त्रक्रिया जास्त सोपी. बिनटाक्याची, थोड्या मिनिटांची, त्याच दिवशी घरी. पुढचे तीन महिने दुसरं साधन वापरायचं, मग वीर्य तपासून घ्यायचं, एवढंच पथ्य. ताकद जात नाही, इच्छाही जात नाही.

मी शिबिरांच्या बातम्या केल्या आहेत. आत बायका सतरंजीवर ओळीनं झोपलेल्या, बाहेर नवरे मोटारसायकलवर बसून तंबाखू मळत. 2014 च्या नोव्हेंबरात छत्तीसगडमधल्या बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात एका दिवसात 83 बायकांची ऑपरेशनं झाली आणि 13 जणी दगावल्या. 2016 मध्ये सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की ही शिबिरं बंद करा. तेव्हा कोणी बाई ऑपरेशनला घाबरते, म्हणून तिला अडाणी म्हणू नका. नसबंदीला घाबरणाऱ्या पुरुषांनाही मी हसत नाही. आणीबाणीतली सक्ती लोक विसरलेले नाहीत. आपल्या विधिमंडळानंही 1976 मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं, राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही म्हणून ते राहिलं. पण त्या भीतीच्या आड किती दिवस लपणार? सक्ती जाऊन जवळजवळ पन्नास वर्षं झाली.

म्हणून दुसऱ्या बाजूच्या लोकांनाही सांगतो, म्हणजे "कसली नॅचरल, सगळी फसवणूक" म्हणून हसणाऱ्या शिकलेल्या मंडळींना. बाई या पद्धतीकडं येते ती बऱ्याचदा तिचं कोणी ऐकलं नाही म्हणून. गोळीनं मळमळतं, कॉपर-टीनं रक्त जातं, तक्रार केली की "सवय होईल". त्याच पाहणीत शंभरात दहा जोडपी दिवस मोजणं किंवा ऐनवेळी बाजूला होणं अशा जुन्या पद्धतींवर आहेत. ही दहा जोडपी हसून सुधारणार नाहीत. त्यांना मोजायचं असेल तर नीट मोजायला शिकवा.

आपल्याकडे जे शिकवलं जातं ते तर उलटंच. कोणी म्हणतं पाळीच्या लगेच मागं-पुढं धोका, मधले दिवस मोकळे. साफ चूक, धोका मधल्याच दिवसांत आहे. कोणी म्हणतं, बाळ अंगावर पितंय तोवर भीती नाही. ते खरं आहे, पण तीन अटींवर: बाळ सहा महिन्यांच्या आतलं, फक्त आईच्या दुधावर, आणि पाळी परत आलेली नाही. एक जरी अट मोडली की भरवसा संपला. बाळंतपणानंतर पहिली पाळी येण्याच्या आधीच स्त्रीबीज बाहेर पडू शकतं, म्हणून पाळी न येताही पुन्हा दिवस जातात.

आणि मोबाइलचा हिरवा रंग म्हणजे परवाना नाही. बहुतेक अॅप मागच्या महिन्यांवरून पुढचा अंदाज बांधतात. आजारपण, जागरण, घरातलं टेन्शन, कशानंही स्त्रीबीज उशिरा बाहेर पडू शकतं. ते अॅपला कसं कळणार? वर्षात दोनदा पाळी 26 ते 32 च्या बाहेर गेली, तर हा आठ ते एकोणीसचा नियम तुमच्यासाठी नाही. नुकतंच बाळंतपण झालेल्या, पाळी अनियमित असलेल्या, पाळी जायच्या वयात आलेल्या बायकांनी यावर विसंबू नये. तातडीची गोळी घेतली असेल तर त्या महिन्याचाही हिशोब सोडा. आणि लैंगिक आजारांपासून दिवस मोजून काहीच संरक्षण मिळत नाही, ते फक्त निरोधनं मिळतं.

ज्यांना मोजणं जमत नाही त्यांच्यासाठी सरकारी दवाखान्यात फुकट आहे: निरोध, माला-एन, हार्मोन नसलेली 'छाया' (पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा), तीन महिन्यांतून एकदा घ्यायचं 'अंतरा' इंजेक्शन, कॉपर-टी. एक सोसत नसेल तर दुसरं मागायचा हक्क आहे. आशाताईंना विचारा. आणि विचारायला फक्त बाईनंच जायचं असा काही नियम नाही.

माझं मागणं एवढंच. नववी-दहावीत पोरींना हे गणित शिकवता, तेव्हा पोरांना ग्राउंडवर पाठवू नका. त्यांनाही त्याच वर्गात बसवा. नवीन लग्न झालेल्या घरी आशाताई जातात तेव्हा नवऱ्यानं उठून बाहेर जाऊ नये. आणि ज्याला "नॅचरल" पाहिजे, त्यानं आधी सांगावं की त्या बारा दिवसांत तो काय करणार. थांबणार, की निरोध वापरणार? दोन्ही करायचं नसेल तर त्याला नैसर्गिक पद्धत म्हणू नका. तो बायकोच्या जिवावर खेळलेला सट्टा आहे.

आमच्या घरी आता टिंबांची गरज उरली नाही. 2012 मध्ये मी नसबंदी करून घेतली. दुपारी झाली, संध्याकाळी घरी होतो, त्या आठवड्यात बातम्याही पाठवल्या. टपरीवर सांगितलं नव्हतं. आज सांगतोय, हसायचं तर हसा.

पटलं तर शेअर करा, नाही पटलं तर खाली लिहा. फक्त शिव्या लिहायच्या आधी एक करा. आज घरी गेल्यावर बायकोला विचारा, तुझ्या पाळीची मागची तारीख कोणती होती. अन् ती "तुम्हाला काय करायचं आहे" म्हणाली, तर रागावू नका. इतकी वर्षं आपण विचारलंच नाही ना.